दृक्प्रत्ययवादी चित्रकलेतील प्रकाश आणि रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृक्प्रत्ययवाद म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण जिला सर्रास ‘इम्प्रेशनिझम’ म्हणतो, ती ही चित्रशैली १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरिसमध्ये आणि सीन नदीकाठच्या आसपासच्या गावांत आकाराला आली. क्लोद मोने, ओग्यूस्त रन्वार, कामिय पिसारो, आल्फ्रेद सिस्ले, बर्थ मोरिसो आणि एदगार देगा हे तिचे प्रमुख चित्रकार. १८७४ ते १८८६ या काळात त्यांनी आठ सामूहिक प्रदर्शने भरवली. या आठही प्रदर्शनांत ज्यांची चित्रे होती असे एकटे पिसारोच.

झाडाचे पान हिरवे असते, बर्फ पांढरा असतो, माणसाची कातडी अमुक रंगाची असते, हे आपण लहानपणीच शिकतो आणि पुढे डोळ्यांना काय दिसते याकडे फारसे लक्ष न देता त्या शिकलेल्या ज्ञानावरच विसंबून राहतो. प्रत्यक्षात तेच पान सकाळी पिवळसर दिसते, भर दुपारी त्याच्या तुकतुकीत पृष्ठभागावर आभाळाचा पांढुरका निळा उमटतो आणि दिवेलागणीला ते जवळजवळ जांभळे होते. हा त्या त्या क्षणी दिसणारा रंग खरा मानायचा आणि चित्रात तोच लावायचा, एवढाच निश्चय या चित्रकारांनी केला. त्यांच्या चित्रांतील बाकी सारी वैशिष्ट्ये, म्हणजे तुटक फटकारे, उजळ रंग, पुसट कडा, याच निश्चयातून आली आहेत.

हे नाव कोणी दिले?

पहिले प्रदर्शन १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमधील बुलेव्हार दे कापुसीन या रस्त्यावर, छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत उघडले. त्यात मोने यांचे ल हाव्र बंदरावरील धुकट पहाटेचे एक चित्र होते, ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या नावाचे. लुई लरोआ या समीक्षकाने ‘ल शारिव्हारी’ या विनोदी नियतकालिकात प्रदर्शनाची टर उडवताना या चित्रापेक्षा भिंतीला लावायचा अर्धवट कागदही अधिक पूर्ण वाटतो अशा आशयाचे लिहिले, आणि चित्राच्या नावावरूनच साऱ्या गटाला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले. १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनापर्यंत चित्रकारांनी ते नाव स्वतःच स्वीकारले होते.

या चित्रांतील सावल्या निळ्या किंवा जांभळ्या का असतात?

दृक्प्रत्ययवाद समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते हाच प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा. चित्रशाळांत त्या काळी सावलीसाठी तपकिरी किंवा काळसर रंग वापरायला शिकवत असत. सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि अभाव म्हणजे काळोख, असा त्यामागचा हिशोब होता. परंतु उघड्यावर पडलेल्या सावलीत काळोख नसतो. तेथे सूर्याचे थेट किरण पोहोचत नाहीत, तरी आभाळाचा प्रकाश पोहोचतोच, आणि निरभ्र आभाळाचा प्रकाश निळा असतो. शेजारच्या उन्हाच्या भागात पिवळसर किरणांचे वर्चस्व असते, सावलीच्या भागात आभाळाच्या निळाईचे. म्हणजे सावली हा वेगळ्या दिव्याने उजळलेला प्रदेश आहे, आणि तो तसाच रंगवला पाहिजे.

मोने यांचे ‘मॅगपाय’ हे चित्र याचा उत्तम पुरावा आहे. १८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील एत्रता गावाजवळ रंगवलेले हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. डावीकडे काटक्यांचे एक फाटक, त्यावर बसलेला एकुलता काळा-पांढरा मॅगपाय पक्षी, आडवे कुंपण, मागे एक घर, आणि बाकी सगळीकडे बर्फ. सूर्य कुंपणापलीकडे, खाली कललेला आहे, त्यामुळे कुंपणाची लांब सावली आपल्या दिशेने पुढे आली आहे. या सावलीत मोने यांनी करडा रंग कोठेही एकसुरी ठेवलेला नाही. ती निळसर आहे, मध्येच फिकट जांभळी होते, आणि फाटकाच्या फटींतून ऊन आत येते तेथे तिच्यात मलईच्या रंगाच्या पट्ट्या पडतात. उन्हातला बर्फ निखळ पांढरा नाही. त्यात पिवळ्याची आणि किंचित गुलाबीची छटा आहे. एवढ्या मोठ्या चित्रात शुद्ध पांढरा शोधू गेल्यास तो फार थोड्या जागी सापडतो, तरीही संपूर्ण चित्र डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या बर्फाचेच वाटते. १८६९ च्या सलोंने, म्हणजे त्या काळच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाने, हे चित्र नाकारले होते.

माणसाच्या कातडीवरच्या सावल्यांना अशी वागणूक दिली, तेव्हा प्रेक्षक अधिकच संतापले. रन्वार यांनी झाडाखाली बसलेल्या एका स्त्रीच्या उघड्या खांद्यांवर पानांतून गाळून आलेला हिरवट-जांभळा प्रकाश रंगवला. १८७६ च्या प्रदर्शनात ते चित्र पाहून आल्बेर व्होल्फ या समीक्षकाने त्या डागांची तुलना कुजणाऱ्या मांसाशी केली. आंब्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याकडे भर दुपारी नीट पाहिले, तर रन्वार यांचे निरीक्षण किती अचूक होते हे कोणालाही पटेल.

पूरक रंगांचा या चित्रकलेशी काय संबंध आहे?

मिशेल-यूजेन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचे व पडदे विणण्याच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळे सूत काही कापडांत फिके दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तपासणी केली तेव्हा सुताच्या रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या सुतांच्या रंगामुळे तो काळा रंग बिघडल्यासारखा दिसत होता. या शोधातून त्यांनी समकालीन विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. तांबडा आणि हिरवा, नारिंगी आणि निळा, पिवळा आणि जांभळा अशा परस्परविरोधी जोड्या एकमेकांना अधिक तीव्र करतात. त्यांनाच पूरक रंग म्हणतात.

आपल्याकडे पैठणीच्या काठ-पदराची रंगसंगती निवडणाऱ्या विणकराला हे अनुभवाने ठाऊकच असते. फ्रान्समधील चित्रकारांना त्याचा शास्त्रीय आधार मिळाला, आणि त्यांनी तो निसर्गाला लावला. ऊन नारिंगी दाखवायचे असेल तर शेजारची सावली निळी करायची, म्हणजे नारिंगी रंग जास्त न लावताच ऊन पेटते. वर सांगितलेली निळी सावली अशी दोन कारणांनी निळी आहे. आभाळ तिला खरोखरच निळे करते, आणि पिवळ्या उन्हाच्या शेजारामुळे आपला डोळा ती निळाई आणखी वाढवतो.

यातून पुढे येणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. रंगाच्या पेटीतील सर्वांत उजळ पांढरासुद्धा प्रत्यक्ष सूर्याच्या तेजापुढे काहीच नाही. चित्रकाराला प्रकाश रंगवता येत नाही. त्याला फक्त रंगांमधले नाते जुळवता येते, आणि ते नाते नेमके जुळले की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश निर्माण होतो.

‘सूर्योदय’ चित्रातील सूर्य थरथरल्यासारखा का वाटतो?

या चित्रात करड्या-निळ्या धुक्यात एक छोटासा नारिंगी गोळा आहे आणि त्याखाली पाण्यावर त्याचे तुटक प्रतिबिंब. आपल्याजवळच्या मोबाइलमध्ये या चित्राची प्रत घेऊन ती कृष्णधवल करून पाहावी. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. कारण त्याचा रंग भोवतालच्या आभाळापेक्षा वेगळा असला तरी त्याचा उजळपणा साधारण आभाळाइतकाच आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील मेंदूविज्ञानाच्या संशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. आपल्या मेंदूत रंग ओळखणारी व्यवस्था आणि वस्तूचे स्थान व हालचाल ओळखणारी व्यवस्था वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरीला रंग कळत नाही, फक्त उजळपणातला फरक कळतो. या सूर्याचा रंग पहिल्या व्यवस्थेला ठळक दिसतो, पण तो नेमका कोठे आहे हे दुसरीला नीट पकडता येत नाही. त्यामुळे तो जागच्या जागी स्थिर न वाटता थरथरतो. मोने यांना हे शास्त्र माहीत असणे शक्यच नव्हते. १८७२ साली बंदराकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांना जे जाणवले, ते त्यांनी अचूक टिपले होते.

हे सारे एकोणिसाव्या शतकातच का घडले, त्याआधी का नाही?

पाहण्याची दृष्टी बदलली हे खरे, पण साधनेही बदलली होती, आणि कलेच्या इतिहासात साधनांना द्यायला हवे तेवढे श्रेय आपण क्वचितच देतो. पूर्वी तैलरंग चित्रकाराच्या कार्यशाळेत खलून तयार करावे लागत आणि उरलेले रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत. पिशवीला टाचणीने भोक पाडून रंग बाहेर काढायचा, आणि मग ती पुन्हा नीट बंद करणे कठीण. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने पिळता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. झाकण फिरवून बंद करता येणाऱ्या या नळ्यांमुळे डझनभर रंग खिशात टाकून शेतात जाऊन बसणे शक्य झाले. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातून सुटणारी रेल्वेगाडी थोड्याच वेळात आर्जंतय गावी पोहोचवत असे. मोने तेथे १८७१ ते १८७८ या काळात राहिले.

रंगद्रव्येही नवी होती. अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणाऱ्या राजावर्त दगडापासून मिळणारा अस्सल अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग अतिशय महाग असे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस तो कृत्रिमरीत्या बनू लागला आणि आवाक्यात आला. कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा, कॅडमियम पिवळा आणि व्हिरिडियन हा गडद पारदर्शक हिरवा हे सगळे त्याच शतकातील देणे आहे. कुंचल्याला धातूची पट्टी बसवणे सुरू झाल्याने चपटे कुंचले मिळू लागले, आणि या चित्रांतले रुंद, चौकोनी फटकारे त्या चपट्या कुंचल्याचेच आहेत. कॅनव्हासवर गडद तपकिरी अस्तर देण्याची जुनी पद्धत सोडून या मंडळींनी पांढरे, फिकट करडे किंवा मलईच्या रंगाचे अस्तर पसंत केले, त्यामुळे चित्राला मुळातूनच उजेड मिळाला.

त्यांनी काळा रंग पूर्णपणे वर्ज्य केला होता का?

सर्वांनी नाही, आणि सुरुवातीपासूनही नाही. १८६० च्या दशकातील मोने यांच्या चित्रांत काळा आहे, आणि रन्वार यांनी तो कायमचा सोडला नाही. एद्वार माने यांचा काळा तर अप्रतिम आहे. मात्र ते या गटाचे स्नेही असूनही त्यांनी आठांपैकी एकाही प्रदर्शनात भाग घेतला नाही, आणि मोने व माने या नावांचा घोळ तेव्हाही होत असे. पुढे मोने आणि पिसारो यांनी काळ्याऐवजी गडद निळा, तांबडा आणि हिरवा मिसळून काळोख तयार करायला सुरुवात केली. सँ-लाझार स्थानकाच्या १८७७ मधील चित्रांतील धूर आणि लोखंडी छत दुरून करडे-काळे दिसते, पण जवळ गेल्यावर त्यात निळ्या-जांभळ्याची गुंतागुंत सापडते. नळीतला काळा रंग निर्जीव असतो. मिसळून केलेल्या काळोखात रंग जिवंत राहतो.

ही चित्रे ठिपक्यांची असतात का?

नाही. ठिपक्यांची पद्धत जॉर्ज सेरा यांची. त्यांचे ‘ग्रांद जात’ हे भव्य चित्र १८८६ च्या आठव्या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्या पद्धतीला नवदृक्प्रत्ययवाद असे स्वतंत्र नाव मिळाले. मोने, रन्वार यांचे फटकारे विषयानुसार बदलतात. पाण्यासाठी आडवे, गवतासाठी उभे, पानांसाठी तुटक आणि आभाळासाठी मोकळे.

निळे आणि पिवळे ठिपके शेजारी ठेवले की डोळ्यांत हिरवा तयार होतो, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. तेही दुरुस्त करायला हवे. असे ठिपके दुरून मिसळले तर बहुतेक वेळा करडा रंग मिळतो. मोने आपले हिरवे पॅलेटवरच मिसळत आणि त्यात पुष्कळ पांढरा घालत. फटकारे सुटे ठेवण्यामागे त्यांचा हेतू रंगांना एकमेकांशेजारी स्पंदन करू देण्याचा होता.

चित्रे उघड्यावर, एकाच बैठकीत पूर्ण होत असत का?

काही होत असत. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रन्वार यांनी सीनवरील ला ग्रनुय्येर या तरंगत्या उपाहारगृहाजवळ शेजारी बसून पाण्यावरचा प्रकाश रंगवला, आणि ती चित्रे भरभर काढल्याचे दिसतेच. पण पुष्कळ कॅनव्हासवर वाळलेल्या थरावर पुन्हा रंगकाम केलेले आढळते, म्हणजे ते काम अनेक दिवस चालले होते. उघड्यावर तैलरंगांत टिपणे काढण्याची पद्धतही जुनीच होती. आधीचे चित्रकार त्या टिपणांवरून घरी मोठे चित्र करत. टिपणाचा ताजेपणा हेच पूर्ण चित्र, असे म्हणण्याचे धाडस या पिढीने केले.

मोने यांनी एकच विषय पुन्हा पुन्हा का रंगवला?

१८९०-९१ मध्ये जिव्हर्नी येथील घराजवळच्या शेतात मोने यांनी सुमारे २५ चित्रे काढली. मराठीत त्यांना सहसा ‘गवताच्या गंजी’ म्हटले जाते, पण त्या मळणी न झालेल्या गव्हाच्या पेंढ्यांच्या आहेत. मराठवाड्यात किंवा विदर्भात ज्याला आपण सुडी म्हणतो, तीच ही. कापणीनंतर सुडी लावून ठेवायची आणि मळणीची वेळ येईपर्यंत ती शेतात उभी राहायची. त्यामुळे मोने यांना महिनोन्महिने जागचा न हलणारा, साध्या आकाराचा विषय मिळाला, ज्यावर ऊन, धुके, दव आणि बर्फ यांचे बदल स्पष्ट वाचता येत.

एका चित्रावर काम सुरू असताना प्रकाश बदलला की ते बाजूला ठेवून दुसरा कॅनव्हास घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ येईल तेव्हा पहिल्याकडे परतायचे, अशी त्यांची पद्धत होती. कॅनव्हास वाहून नेण्यास सावत्र मुलगी ब्लांश ओशदे मदत करत असे. तीही पुढे चित्रकार झाली. १८९१ च्या मे महिन्यात विक्रेते पॉल द्यूरां-र्‍यूएल यांच्या दालनात यांपैकी १५ चित्रे एकत्र मांडली गेली. १८९२ ते १८९४ दरम्यान त्यांनी रुआँ येथील कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे केली. दगडी बांधकाम ते, वर्षानुवर्षे जागच्या जागी उभे. पण सकाळी निळे, दुपारी सोनेरी-पांढरे आणि संध्याकाळी नारिंगी. ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की ‘या इमारतीचा रंग कोणता?’ या प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

सर्वच दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रकार होते का?

देगा यांना उघड्यावर बसून रंगवणे मुळीच पसंत नव्हते. नाट्यगृहातील खालून वर येणारा गॅसदिव्यांचा उजेड, त्यामुळे नर्तकींच्या हनुवटीवर आणि गळ्यावर पडणारा विचित्र प्रकाश, हा त्यांचा विषय. गुस्ताव्ह कायबोत यांच्या १८७५ च्या चित्रात तीन कामगार गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासत आहेत. समोरच्या खिडकीतून येणारा उजेड तासलेल्या आणि न तासलेल्या पट्ट्यांवर वेगवेगळा चमकतो, आणि कामगारांच्या पाठींवरून घसरतो. बर्थ मोरिसो यांच्या ‘पाळणा’ या १८७२ च्या चित्रातील पांढऱ्या झिरझिरीत पडद्याकडे जवळून पाहिले तर त्यात निळा, गुलाबी आणि करडा इतका आहे, की पांढरे कापड रंगवायला शिकणाऱ्याने हे एकच चित्र दिवसभर पाहावे.

मोने यांना मोतीबिंदू होता, म्हणून त्यांची चित्रे धूसर आहेत का?

मोतीबिंदूचे निदान १९१२ मध्ये झाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांची शैली त्याआधी चार दशके पक्की झाली होती. त्यानंतरच्या काही चित्रांत मात्र तांबड्या-तपकिरीचा जोर दिसतो, कारण मोतीबिंदूमुळे डोळ्यांत निळा प्रकाश कमी शिरतो. १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना सगळे फार निळे दिसू लागले. अशा अवस्थेत त्यांनी कमळांची भव्य चित्रमालिका पूर्णत्वास नेली. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये ती पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयातील दोन लंबवर्तुळाकार दालनांत खुली झाली.

महाराष्ट्रातील चित्रकलेवर याचा प्रभाव पडला का?

मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, पण तेथील शिक्षण ब्रिटिश अकादमिक पद्धतीचे होते, म्हणजे नेमक्या ज्या पद्धतीविरुद्ध पॅरिसचे चित्रकार उभे राहिले तीच. तरी येथूनच शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान, ज्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, रंकाळा आणि कोटीतीर्थ परिसरात बसून प्रकाशाच्या क्षणिक अवस्था मोकळ्या फटकाऱ्यांनी टिपत होते, आणि मराठी कलासमीक्षेत त्यांच्या या निसर्गचित्रांचे नाते दृक्प्रत्ययवादाशी जोडले जाते. पुढे नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी येथील तरुण चित्रकारांना उजळ, मोकळ्या रंगलेपनाची ओळख करून दिली. त्यांच्या सहवासात आलेल्या सै. है. रझा यांची मुंबईची सुरुवातीची जलरंगचित्रे पाहिली तर त्यातला पावसाळी प्रकाश लगेच ओळखू येतो.

ही चित्रे कशी पाहावीत?

छापील प्रत किंवा पडदा यांवर फटकाऱ्यांची जाडी दिसत नाही आणि छटा बदलतात, तेव्हा मूळ चित्र पाहण्याची संधी मिळाल्यास ती सोडू नये. आधी हातभर अंतरावरून पाहावे. तेथे केवळ रंगाचे थर दिसतील. मग एकेक पाऊल मागे जात राहावे. एका ठराविक अंतरावर ते फटकारे अचानक पाणी होतात, त्यावर ऊन पडते, आणि त्या अंतरावर थोडे पुढे-मागे होत पाहत राहिले की हा बदल पुन्हा पुन्हा अनुभवता येतो. मूळ चित्र जवळ नसेल तर एक साधा प्रयोग घरी करता येतो. पांढऱ्या जाड कागदाला मध्यभागी वाटाण्याएवढे भोक पाडावे, तो हातभर लांब धरावा आणि चुन्याने रंगवलेल्या भिंतीवरची सकाळची सावली त्या भोकातून पाहावी. भोवतालचे सारे झाकले जाते, ही भिंत आहे आणि ती पांढरी आहे हे मन काही क्षण विसरते, आणि कागदाच्या पांढऱ्याशेजारी त्या एवढ्याशा गोलात निळा रंग दिसतो.